रुळावरून जाणारा रूळ : आपल्या पूर्णा–खांडवा मीटरगेजची गोष्ट



स्मरणिकेसाठी लेख हवा, असा समितीचा निरोप आला तेव्हा मला आठवीतला इतिहासाचा एक तास आठवला. साल १९८१. खिडकीतून लोकोचा धूर दिसत होता. सरांनी विचारले, "आपल्या गावातून जाणारी रेल्वे कोणी बांधली?" पहिल्या बाकावरून उत्तर आले, "इंग्रजांनी." मधल्या रांगेतला एक जण म्हणाला, "नाही सर, निजामानं." मी मागून हात वर केला आणि म्हणालो, "सर, माझ्या बाबांनी."

वर्ग हसला. मी चिडलो आणि चिडण्याच्या भरात आणखी एक सांगून टाकले. बाबांनी बांधलेल्या घाटात रूळ आपल्याच रुळाच्या डोक्यावरून जातो, असे मी म्हणालो. मग तर वर्ग बराच वेळ हसत राहिला. सर म्हणाले, "बस खाली." त्यानंतर कित्येक महिने मला वर्गात 'डबल रूळ' हे नाव होते. ज्यांनी ते पाडले ते आज या स्मरणिकेच्या समितीत आहेत, म्हणून इथे नाव घेत नाही.

घरी येऊन मी बाबांना विचारले. ते पूर्णा–वसमत सेक्शनवर गँगमन होते. हात धुता धुता म्हणाले, "आरं लेका, हसू दे. म्या सोता टोपली वाह्यलीय तिथं." त्यांनी त्याहून जास्त कधी सांगितले नाही आणि मलाही पुरते पटले नाही. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा जुनी गॅझेटियरे आणि रेल्वेची वेळापत्रके चाळायला लागलो. त्यातून जे हाती आले ते आज तुमच्यासमोर ठेवतो. एवढेच आधी सांगतो, की त्या दिवशी वर्गात आलेली तिन्ही उत्तरे बरोबर होती.

पहिले उत्तर आणि दुसरे उत्तर

रुळांच्या रुंदीपासून सुरुवात करू. हिंदुस्थानातल्या पहिल्या रेल्वे साडेपाच फुटी, म्हणजे ब्रॉडगेज होत्या. ती बांधणी महाग पडू लागली. १८७० च्या सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या सरकारने ठरवले, की दुय्यम मार्गांसाठी अरुंद रूळ टाकायचे. देशात लवकरच मेट्रिक मापे येणार असे तेव्हा वाटत होते, म्हणून रुंदी बरोबर एक मीटर धरली. मेट्रिक मापे यायला पुढे जवळजवळ नव्वद वर्षे लागली, पण रूळ मात्र आधीच मीटरने मोजले गेले. आपण लहानपणी 'छोटी लाईन' म्हणायचो ती हीच.

निजामाच्या राज्यात पहिली रेल्वे वाडी ते सिकंदराबाद अशी १८७४ मध्ये झाली, ती ब्रॉडगेज होती. पुढे 'निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे' ही कंपनी निघाली. नावातच सगळा व्यवहार आहे. कंपनी लंडनमध्ये नोंदलेली, भांडवल तिथल्या भागधारकांचे आणि त्यांच्या व्याजाची हमी निजाम सरकारची. म्हणजे नफा झाला तर लंडनचा आणि तोटा झाला तर हैदराबादच्या खजिन्याचा, म्हणजेच शेवटी आपल्याच आजोबा-पणजोबांच्या शेतसाऱ्याचा. इंग्रज की निजाम, या वादात आपले दोघे वर्गमित्र अर्धे-अर्धे बरोबर होते, ते असे.

आपल्या गावातून जाणारा मुख्य मार्ग मनमाड ते सिकंदराबाद. 'हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे' या नावाने तो १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाला. लांबी ३९१ मैल, गेज मीटर. त्याच दोन वर्षांत मोठा दुष्काळ पडला होता. जुन्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे आठ लाख होती. १९०१ मध्ये ती साडेसहा लाखांच्या आसपास आली. रेल्वेच्या इतिहासात ही दोन वर्षे उद्घाटनाची म्हणून नोंदली आहेत आणि जिल्ह्याच्या इतिहासात उपासमारीची म्हणून. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचल्या तेव्हा मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवले.

पूर्णा एवढी मोठी का झाली, याचे उत्तर नकाशावर पट्टी ठेवली की मिळते. मनमाड आणि सिकंदराबाद यांच्या जवळजवळ मध्यावर पूर्णा आहे. कोळशाच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी लागते, कोळसा लागतो, राख काढावी लागते, ड्रायव्हर-फायरमनला विश्रांती लागते. नदी इथे बारमाही जवळ आणि गाव मध्यावर. त्यामुळे लोको आले, लोकोमागून क्वार्टर्स आले, क्वार्टर्समागून बाजार आला आणि त्या सगळ्यांच्या लेकरांसाठी शाळा. आपण सगळे एका इंजिनाच्या तहानेमुळे एका वर्गात आलो, असे म्हटले तरी चालेल.

हिंगोलीची शाखा

१९१२ मध्ये पूर्णा ते हिंगोली ही सुमारे ५० मैलांची शाखा सुरू झाली आणि पूर्णा 'जंक्शन' झाली. मीर उस्मान अली खान गादीवर येऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. शाखेचे कारण कापूस. हिंगोली ही निजाम राज्यातली कापसाची मोठी पेठ होती. तिथे पूर्वी हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणीही होती. हिंगोलीच्या गाठी रेल्वेने पूर्णेला यायच्या, पूर्णेहून मनमाडला जायच्या आणि मनमाडला मीटरगेजच्या डब्यातून उतरवून ब्रॉडगेजच्या डब्यात चढवून मुंबईला. माणसांचेही तसेच. मुंबईला जायचे म्हणजे मनमाडला गाडी बदलायची, हे आपल्याकडे नव्वदच्या दशकापर्यंत चालले. डोक्यावर वळकटी आणि हातात फिरकीचा तांब्या घेऊन मनमाडचा पूल ओलांडला नाही, असे आपल्या पिढीत घर नसेल.

शाखा हिंगोलीलाच का थांबली? कारण पुढे थोड्याच अंतरावर निजामाची हद्द संपत होती. पलीकडे वाशीम, अकोला, म्हणजे वऱ्हाड. वऱ्हाड नावाला निजामाचे, पण १८५३ पासून कारभार इंग्रजांचा. दोन राज्यांमध्ये जकातीचे नाके असत. हिंगोली आणि वाशीमच्या मधले स्टेशन आहे 'कन्हेरगाव नाका'. या मार्गाने जाताना ती पाटी दिसली, की मला ती जुनी सरहद्द आठवते. आणि हिंगोलीच्या स्टेशनच्या पाटीवर आजही 'हिंगोली डेक्कन' लिहिलेले आहे.

अशी ही शाखा पुढे जवळजवळ अर्धे शतक हिंगोलीलाच अडून राहिली. या काळात मालक बदलले. १९३० मध्ये निजाम सरकारने कंपनीकडून रेल्वे विकत घेतली आणि नावातला 'गॅरंटीड' शब्द गळाला. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले. ५ नोव्हेंबर १९५१ ला निजाम स्टेट रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली. २ ऑक्टोबर १९६६ पासून आपण दक्षिण मध्य रेल्वेत आलो. आपल्यापैकी बहुतेकांच्या वडिलांच्या पासावर हेच नाव होते.

तिसरे उत्तर

आता माझ्या बाबांचे उत्तर.

हिंगोलीच्या उत्तरेला रेल्वेने सुमारे ३०० किलोमीटरवर खांडवा आहे. खांडव्याला उत्तरेकडून आणखी एक मीटरगेज येऊन संपत होती. तिची सुरुवात इंदूरच्या होळकरांनी केली. दुसऱ्या तुकोजीरावांनी त्यासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिले होते. ती इंदूर, रतलाम, चित्तोड, अजमेर अशी राजस्थानपर्यंत गेली होती. म्हणजे उत्तरेची छोटी लाईन खांडव्याला थांबलेली, दक्षिणेची छोटी लाईन हिंगोलीला थांबलेली आणि मध्ये ३०० किलोमीटरचे खिंडार. राजस्थानातला मीटरगेजचा डबा दक्षिणेत यायचा तर वाटेत माल ब्रॉडगेजमध्ये चढवा, पुन्हा उतरवा, पुन्हा चढवा.

हे खिंडार इंग्रजांनी बुजवले नाही, निजामानेही नाही. ते स्वतंत्र भारताने बुजवले. पन्नासच्या दशकात काम सुरू झाले आणि १९६० च्या सुमारास पूर्ण झाले. त्याच काळात, १ नोव्हेंबर १९५६ ला, मराठवाडा आणि विदर्भ दोन्ही मुंबई राज्यात आले. कागदावर दोन प्रदेश एकत्र झाले आणि जमिनीवर त्यांना जोडणारे रूळ पडत होते. हिंगोली, वाशीम, अकोला, अकोट आणि मग सातपुड्यातून खांडवा.

बाबा तेव्हा विशी-बाविशीतले. वसमतजवळच्या गावात दोन एकर कोरडवाहू जमीन आणि चार भाऊ. मुकादमाने गावातून माणसे गोळा केली त्यात तेही निघाले. आधी हिंगोलीच्या पुढच्या भरावावर आणि मग थेट सातपुड्यात. कुदळ, फावडे, घमेले आणि टोपली, एवढ्यावर भराव उभा राहिला. सुरुंग लावून डोंगर फोडायचा, दगड गाढवांवर वाहायचा. आसपास कोरकूंची गावे. हिवतापाने माणसे पडायची. बाबा म्हणायचे, सकाळी हजेरीला उभी असलेली सगळीच माणसे संध्याकाळच्या हजेरीला असतील असे नव्हते. काही पळून जात, काही आजारी पडत आणि काही तिथेच राहिली. किती, हे सांगणारा दगड तिथे नाही.

काम संपल्यावर काही मजुरांना रेल्वेत कायम करून घेतले. बाबा त्यातलेच. नेमणूक पूर्णेला. म्हणून मी पूर्णेचा आणि म्हणून तुमचा वर्गमित्र.

आता तुम्ही विचाराल, रूळ रुळावरून कसा जातो? कारण साधे आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरते, त्यामुळे रेल्वेला तीव्र चढ चढता येत नाही. बैलगाडी सरळ चढते तिथे रेल्वेला वळसा घ्यावा लागतो. वान नदीच्या खोऱ्यातून सातपुड्यावर चढताना धुळघाट स्टेशनजवळ वळसा घ्यायलाही पुरेशी जागा नव्हती. म्हणून अभियंत्यांनी रूळ डोंगराभोवती पूर्ण गोल फिरवला आणि तेवढ्यात उंची वाढवून त्याच रुळावरून पुलाने पलीकडे नेला. फेटा बांधताना एक वेढा दुसऱ्यावर येतो तसे. दार्जिलिंगच्या छोट्या रेल्वेचा बतासिया लूप सगळ्या जगाला माहीत आहे. त्याच जातीची करामत आपल्या महाराष्ट्रात आहे आणि तिच्यावर आपल्या पूर्णा-वसमतच्या माणसांचा घाम पडला आहे, हे मात्र आपल्याच वर्गाला ठाऊक नव्हते.

जोडणी झाल्यावरचे वैभव

खिंडार बुजले आणि पूर्णेचा नकाशाच बदलला. पश्चिमेला मनमाड, पूर्वेला नांदेड-सिकंदराबाद आणि उत्तरेला थेट राजस्थान. काचीगुडा ते जयपूर मीनाक्षी एक्स्प्रेस तुम्हाला आठवत असेल. पूर्णा, हिंगोली, वाशीम, अकोला, खांडवा, इंदूर, रतलाम, चित्तोड, अजमेर, जयपूर. एकाच डब्यात बसून, गाडी न बदलता. परभणी जिल्ह्यातली माणसे तिच्यातून अजमेरच्या दर्ग्याला जायची आणि पुष्करलाही जायची. एकाच बाकावर दोन्ही नवसांचे नारळ असायचे. मनमाडच्या बाजूला अजिंठा एक्स्प्रेस होती. आणि मालगाड्या तर मोजायच्याच नाहीत.

त्या काळातली आपली कॉलनी डोळ्यांसमोर आणा. वायपी आणि वायजी इंजिने लोकोत उभी असायची. रात्री-अपरात्री कॉलबॉय हातात कंदील आणि वही घेऊन दार वाजवायचा आणि कोणाचे तरी बाबा डबा घेऊन निघायचे. शाळेत आपण घंटेपेक्षा भोंग्यावर जास्त विश्वास ठेवायचो. वाळत घातलेल्या शर्टावर काजळी पडायची, म्हणून पी.टी.च्या दिवशी कोणाचाच गणवेश पुरता पांढरा नसायचा आणि पी.टी.चे सर तेवढी सवलत द्यायचे. लोकोच्या मागे टाकलेल्या राखेतून अर्धवट जळालेला कोळसा वेचून आणणाऱ्या बाया होत्या. त्यांतल्या दोघींची मुले आपल्याच वर्गात होती आणि आज एक जण शाळेचा मुख्याध्यापक आहे.

आपल्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी मुले होती, दखनी बोलणारी होती, एक-दोघांकडे तमिळही होती. रेल्वे सिकंदराबादहून चालायची, त्यामुळे बदल्याही तिकडूनच यायच्या. मराठीच्या बाई या मुलांकडून समासांचे पाठ करून घ्यायच्या आणि डब्याच्या सुट्टीत त्यांच्याकडून पुलिहोरा कसा करतात ते विचारायच्या. लोकोमध्ये, गँगमध्ये, यार्डात काम करणाऱ्या कितीतरी घरांसाठी रेल्वेची ही नोकरी म्हणजे गावगाड्यातून सुटण्याची पहिली वाट होती. गावात ज्यांना पाणवठ्यावर थांबावे लागत होते, त्यांच्या नावावर इथे क्वार्टरचा नंबर होता आणि महिन्याच्या महिन्याला पगार होता. त्या पगारातून वह्या आल्या. पूर्णेच्या बुद्धविहारात दरवर्षी भरणाऱ्या धम्म परिषदेला गेलो की त्या घरांतली शिकून मोठी झालेली मुले भेटतात. रेल्वेचा हा इतिहास वेळापत्रकात नाही, तो आपल्या हजेरीपटात आहे.

तीन तुकडे

१९९२ पासून देशभर एकच गेज करण्याचे धोरण आले. मनमाडकडून ब्रॉडगेज पुढे सरकत नव्वदच्या दशकात आपल्यापर्यंत पोहोचली. मनमाडला गाडी बदलणे संपले, मुंबई एका झोपेवर आली. मी तेव्हा पेढे वाटले होते आणि आजही ते चुकले असे म्हणणार नाही. हळद, कापूस, विद्यार्थी, रुग्ण या सगळ्यांना ब्रॉडगेजने जवळ आणले आहे.

पण कोळशाची इंजिने गेली आणि लोको शेड गेले. कॉलबॉय, फायरमन, पॉइंट्समन ही कामेच राहिली नाहीत. २००३ मध्ये नांदेड विभाग झाला आणि कार्यालये तिकडे गेली. बदल्यांमागे बदल्या निघाल्या. आपल्या मागच्या तुकड्यांचे हजेरीपट पाहिले तर शाळा सोडल्याचे कारण म्हणून 'वडिलांची बदली' हेच शब्द ओळीने दिसतात. कॉलनीतल्या कितीतरी क्वार्टर्सची दारे-खिडक्या गेल्या. अंगणातल्या कडुनिंबांना मात्र कोणी बदली दिली नाही.

हिंगोलीची लाईन त्यानंतरही काही वर्षे मीटरगेजच राहिली. पूर्णेला एका बाजूला मोठी गाडी आणि दुसऱ्या बाजूला छोटी, असे दृश्य आपण पाहिले आहे. पुढे पूर्णा–अकोला मार्ग गेज बदलण्यासाठी बंद झाला आणि २००८ मध्ये ब्रॉडगेज होऊन उघडला. हा पहिला तुकडा. तो जिवंत आहे, आज त्यावरून दक्षिणेच्या लांब पल्ल्याच्या गाड्या धावतात.

दुसरा तुकडा अकोला ते अकोट. २०१७ च्या सुरुवातीपासून अकोला–खांडवा मीटरगेज बंद झाली. अकोटपर्यंतचा भाग ब्रॉडगेज झाला आणि २०२२ च्या नोव्हेंबरात तिथे प्रवासी गाडी सुरू झाली.

तिसरा तुकडा अकोटच्या पुढचा, वान रोड, धुळघाट, डाबका, तुकईथडकडचा. म्हणजे बाबांचा तुकडा. तो मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जातो. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये देशात सर्वांत आधी घोषित झालेल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. छोटी, संथ गाडी जंगलातून जाणे वेगळे आणि वेगवान ब्रॉडगेज गाड्यांची ये-जा वेगळी, असे वन्यजीव अभ्यासकांचे म्हणणे पडले. २०२१ मध्ये राज्य सरकारनेही मार्ग जंगलाबाहेरून न्यावा अशी भूमिका घेतली. बुलढाणा जिल्ह्यातल्या सोनाळा-जामोदकडून वळसा घेणारा नवा मार्ग पुढे आला. मला विचाराल तर वाघाच्या घरातून मोठी गाडी नेऊ नये, हेच बरोबर. पण याचा अर्थ असा, की धुळघाटचा तो गोल रूळ आता कायमचा मागे पडला. आज अकोल्याहून खांडव्याला जायचे तर भुसावळवरून फिरून जावे लागते.

२०१६ चा प्रवास

लाईन बंद होणार अशी बातमी आली तेव्हा बाबांना जाऊन सात वर्षे झाली होती. डिसेंबर २०१६ मध्ये मी अकोल्याला गेलो आणि खांडव्याच्या मीटरगेज गाडीत बसलो. सोबत आपलाच एक वर्गमित्र होता, 'डबल रूळ' हे नाव पाडणाऱ्यांतला म्होरक्या. मी मुद्दामच त्याला नेले. तिकीटही मीच काढले.

अकोट सोडले, हिवरखेड गेले. केळी आणि संत्र्यांची शेते मागे पडली आणि साग सुरू झाला. वान रोडला गाडी बराच वेळ थांबली. एक कोरकू म्हातारी मोहाच्या पानांत बांधलेली बोरे घेऊन चढली. ती रोजची प्रवासी होती. मी विचारले, "गाडी बंद झाल्यावर कशा जाल?" ती म्हणाली, "पायी." तिच्या गावाला रस्ता पावसाळ्यात राहत नाही. आमच्यासाठी तो शेवटचा गमतीचा प्रवास होता, तिच्यासाठी ती बाजाराची आणि दवाखान्याची गाडी होती. पूर्णेने जे गमावले ते मोठेच, पण या लाईनवर आपल्यापेक्षा जास्त गमावणारी माणसे आहेत, हे मला त्या डब्यात कळले.

धुळघाट जवळ आले तशी गाडी वळत राहिली. ऊन डाव्या खिडकीतून समोर आले, मग उजव्या खिडकीत गेले. मित्र दारात उभा होता. एकदम त्याने मला हाक मारली, "अरे, ये लवकर!" मी दाराशी गेलो. खाली, पुलाच्या कमानीखाली, एक रूळ दिसत होता. ज्यावरून आम्ही काही मिनिटांपूर्वी आलो होतो, तोच.

आम्ही दोघेही बोललो नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, "बाबांना सांगायला पाहिजे होतं रे." मी म्हणालो, "त्यांना माहीत होतं." मग त्याने डब्यातली गुळाची पोळी काढली, अर्धी मोडून मला दिली आणि अर्धी त्या म्हातारीला.

एक विनंती

होळकरांच्या बाजूचा पातालपाणी–कालाकुंड हा घाटातला छोटा मीटरगेज तुकडा २०१८ च्या डिसेंबरपासून हेरिटेज गाडी म्हणून चालवला गेला. धुळघाटचे काय करायचे ते जंगलाचा विचार करूनच ठरले पाहिजे. गाडी नाही चालली तरी चालेल. पण तो गोल कोणी, कधी, कशासाठी बांधला, हे सांगणारा एक फलक तरी पूर्णेच्या स्टेशनवर लागावा. कारण त्या मार्गाचे पहिले पाऊल इथे पडले.

परवा पूर्णेच्या मालधक्क्याकडे गेलो होतो. कुंपणाला जुन्या रुळांचे तुकडे खांब म्हणून पुरले आहेत. रुळाच्या पोटावर कारखान्याचे नाव, साल आणि रेल्वेची आद्याक्षरे उठवलेली असतात. गंजाने बरेचसे खाल्ले आहे, तरी एका खांबावर हाताने चाचपडले तर 'एन' आणि 'एस' लागतात. निजाम स्टेट. त्याच खांबाला आता शेळ्या बांधतात.

फलक लागेल तेव्हा लागेल. तोवर आपल्या हाती एक काम आहे. या स्मरणिकेच्या शेवटी समितीने काही कोरी पाने ठेवली आहेत. मेळाव्याच्या दिवशी प्रत्येकाने आपल्या आई-वडिलांचे नाव, रेल्वेतला हुद्दा आणि कोणत्या सेक्शनवर काम केले, एवढेच तिथे लिहावे. फायरमन, गार्ड, खलाशी, सफाईवाला, चहाचा ठेला, राखेतला कोळसा, काहीही. ज्यांचे वडील रेल्वेत नव्हते त्यांनी दुकान लिहावे, शेत लिहावे. शंभर-सव्वाशे घरांची ही यादी झाली, की आपल्या लाईनचा खरा इतिहास पहिल्यांदा एका जागी येईल.

आणि सर, तुम्ही मेळाव्याला येणार आहात असे कळले. १९८१ च्या त्या प्रश्नाचे उत्तर आता असे लिहितो : आपली रेल्वे लंडनच्या भांडवलाने, निजामाच्या हमीने, स्वतंत्र भारताच्या आखणीने आणि आमच्या बाबांसारख्यांच्या टोपल्यांनी बांधली. तपासून बघावे. या वेळी मी उभा राहूनच उत्तर देईन, बस खाली म्हणालात तरी.